वेदी आणि मेज

इ. स. १८२५ च्या पावसाळ्यांत कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे मुंबईहून होडीनें पनवेलीस उतरले आणि तेथून घाट चढून पुण्यास गेले. त्या काळीं मुंबईकराला पुण्यास जाण्याची रूढ वाट हीच होती. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि आगगाडीनें घाट ओलांडला तो १८६३ सालीं; आगगाडी येण्यापूर्वीं साहेब असो कीं सावकार असो, पनवेलची खाडी त्याला सहसा चुकत नसे. पुण्याच्या छावणींत नुकतेंच उभें राहिलेलें सेंट मेरीचें देवालय या प्रवासांत हेबर यांच्या हस्तें प्रतिष्ठित झालें. मुंबईस स्वतःचा बिशप त्या वेळीं नव्हता; तो १८३७ सालीं मिळाला. हेबर १८२६ च्या एप्रिलमध्यें त्रिचनापल्लीस वारले, आणि त्यांचें प्रवासवर्णन त्यांच्या पत्नीनें १८२८ सालीं छापून प्रसिद्ध केलें.

हें पुस्तक मीं प्रथम हातीं घेतलें तें केवळ आपल्या गांवाचें नांव त्यांत आहे या ग्रामाभिमानानें. लेखक रसिक आहे, माणसांकडे आणि झाडाडोंगरांकडे पाहण्याची त्याची दृष्टि मोकळी आहे, आणि परक्या प्रदेशांतून जातांना तो भोंवतालचें जग टिपून घेतो. परंतु पुस्तक मिटतांना माझ्या मनांत एक प्रश्न राहिला, आणि तो अद्याप गेलेला नाहीं. प्रतिष्ठेच्या दिवशीं बिशपसाहेब आंत येण्यापूर्वीं त्या नव्या वेदीवर पांढरें वस्त्र कोणीं अंथरलें असेल? पेले कोणीं उजळले असतील? पावसाळी दमट हवेंत मेणबत्त्या कोणीं जपून ठेवल्या असतील? देवालयाच्या इतिहासांत प्रतिष्ठा करणाराचें नांव राहतें. तयारी करणाराचें राहत नाहीं. हा इतिहासाचा न्याय झाला. साहित्याचा न्यायही तोच असावा काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. ज्या ख्रिस्ती पंथांत बिशपांची परंपरा मानितात आणि ज्याला अँग्लिकन किंवा एपिस्कोपल म्हणतात, त्याच्या देवालयांत रविवारच्या उपासनेची तयारी बहुधा शनिवारींच होते. आपल्या इकडील या पंथाची मंडळी १९७० सालीं नागपूर येथें स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या संयुक्त मंडळींत सामील झाली. तरी जुन्या देवालयांतून वेदीच्या सेवेची रीत राहिली आहे. ही सेवा पगारी नोकरांची नव्हे. मंडळींतील स्वयंसेवक, आणि त्यांत बहुशः स्त्रिया, ती पाळीपाळीनें करतात. वेदीवर खालीं एक मेणकापड, त्यावर आणखी वस्त्रें आणि सर्वांवर दोन्ही बाजूंनीं खालीं लोंबणारें शुभ्र वस्त्र. भाकर व पेला ज्या चौकोनी रुमालावर ठेवावयाचा त्याची घडी उभी तीन आणि आडवी तीन अशी घालतात. उलगडल्यावर नऊ घरें दिसतात, आणि एखादा कण सांडलाच तर घडी मिटतांना तो आंतच राहतो. पेला पुसण्याचें वस्त्र निराळें, पेला झांकण्याचें निराळें. सणावाराप्रमाणें रंग बदलतो: नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा, उपवासकाळांत जांभळा, पवित्र आत्म्याच्या व हुतात्म्यांच्या दिवशीं तांबडा, आणि एरवींच्या लांबलचक रविवारांना हिरवा. दोन मेणबत्त्या लावतांना वेदीकडे तोंड करून उजव्या हाताची आधीं लावावी आणि विझवतांना तीच शेवटीं विझवावी, एवढा बारीक नेम यांत आहे.

दोन वर्षांपूर्वीं पुण्यांतील एका जुन्या देवालयांत एका परिचित शिक्षिकेबरोबर शनिवारीं तिसऱ्या प्रहरीं जाण्याचा योग आला. दोन वृद्ध बाया काम करीत होत्या. मी धर्मानें परका. कोपऱ्यांतल्या बांकावर बसून राहिलों. वस्त्रें धुण्याचें पहिलें पाणी त्यांनीं मोरींत टाकलें नाहीं. बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्याशीं ओतलें. मीं कारण विचारलें, तेव्हां त्यांतील थोरल्या बाई म्हणाल्या, “तें पाणी मातींतच जायला हवं. गटारांत कसं घालायचं?” हें ऐकून मला घरच्या तुळशीची आठवण झाली. पूजेचें तीर्थ माझी आई मोरींत जाऊं देत नसे. तुळशीच्या मुळाशींच घाली. दोन धर्मांचीं शास्त्रें एकमेकांपासून कितीही दूर असोत, पाणी कोठें ओतावें याविषयीं त्यांच्या बायकांचें एकमत आहे!

परंतु माझें विशेष लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीकडे. माझ्या शिक्षिका मला समजावून देतांना ‘वेदी सिद्ध करणें’ असें म्हणत होत्या. त्या दोघी बाया मात्र आपसांत म्हणत होत्या, “मेज लावून झालं कीं दिवे बघूं.” छापील पुस्तकाची भाषा एक आणि काम करणाऱ्या हातांची भाषा दुसरी. टीकाकारानें थांबून विचार करावा असें स्थळ हेंच होय.

या दोन शब्दांमागें मोठा इतिहास आहे. इंग्लंडांत १५४९ सालचें पहिलें प्रार्थनापुस्तक निघालें तेव्हां त्यांत वेदीवाचक शब्द होता. तीनच वर्षांनीं, १५५२ च्या पुस्तकांत, तो काढून टाकून सर्वत्र मेजवाचक शब्द घातला गेला. सुधारकांचें म्हणणें असें कीं यज्ञ एकदांच झाला, तो पुन्हां होत नाहीं. आतां उरलें आहे तें भोजन, आणि भोजनाला वेदी कशाला? दगडी वेद्या उखडल्या गेल्या आणि लांकडी मेजें आलीं. पुढें सतराव्या शतकांत आर्चबिशप लॉड यांनीं तें मेज पूर्वेच्या भिंतीशीं लावून त्यापुढें कठडा घालण्याचा आग्रह धरला, आणि १८३३ पासून ऑक्सफर्ड येथें सुरू झालेल्या चळवळीनें वेदीचा जुना मान पुष्कळ अंशीं परत आणला. एका शब्दावरून तीनशें वर्षें वाद चालला.

मराठीनें हा वाद आपल्या पदरीं कसा घेतला? तिनें दोन्ही शब्द घेतले, आणि भांडण मिटविण्याच्या भानगडींत ती पडली नाहीं. देवालयाच्या वर्णनांत ‘वेदी’ आली, प्रभुभोजनाच्या संबंधानें ‘मेज’ आलें. आणि वसईकडील रोमन कॅथलिक समाजाच्या बोलींत पोर्तुगीजांचा ‘आल्तार’ मुरला तो निराळाच. वेदी हा शब्द भारदस्त आहे यांत शंका नाहीं. तो उच्चारतांच विटांची रचना, अंथरलेले दर्भ, प्रज्वलित अग्नि आणि मोजूनमापून केलेलें कर्म डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु प्रत्येक शब्द आपला कामकरी बरोबर घेऊन येतो. वेदीबरोबर ऋत्विज येतो. मेजाबरोबर गृहिणी येते. ‘वेदी सिद्ध केली’ असें लिहिलें कीं वाचकाच्या मनांत मंत्र म्हणणारा पुरुष उभा राहतो. ‘मेज लावलें’ असें म्हटलें कीं पाटपाणी मांडणारी बाई दिसते. खरें काम तर दुसरीच करीत असते. सारांश, भारदस्त शब्दानें वस्तूचा मान वाढविला आणि तोच मान वाढवितांना काम करणारणीला पडद्याआड लोटलें.

भाषांतरकारांची आणखी एक अडचण येथें सांगण्यासारखी आहे. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकांत प्रभुभोजनाच्या वेळीं मेजावर स्वच्छ पांढरें वस्त्र असावें असा एक छोटासा नियम आहे, आणि भाकर व द्राक्षारस मंडळीच्या खर्चानें पुरवावा असा दुसरा. पहिल्या नियमांतल्या वस्त्राची जात आमच्याकडे होत नाहीं. मराठी बायबलांत त्या जातीसाठीं ‘ताग’ हा शब्द रूढ झाला आहे. आणि ताग म्हटल्यावर कोंकणांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें गोणपाट येतो. तलम, घोटींव, मांजराच्या पावलासारखें मऊ वस्त्र गोणपाटाच्या नांवानें ओळखावें लागणें हें त्या वस्त्राचें दुर्दैव! पुण्याच्या त्या बायांनीं हा प्रश्न केव्हांच सोडविला होता. त्या नुसतें ‘पांढरं’ म्हणत. “पांढरं इस्त्रीला दिलं आहे,” एवढ्यांत सर्व समजत होतें.

या कामावर पुस्तकें नाहींत असें नाहीं. पर्सी डियर्मर या इंग्रज धर्मोपदेशकाचें १८९९ सालीं निघालेलें ‘पार्सन्स हँडबुक’ हें त्यांतलें प्रसिद्ध. वस्त्र किती लांब असावें, वेदी कशी मांडावी, कोणता उपचार जुन्या इंग्रजी परंपरेस धरून आहे, याची चर्चा त्यांत मोठ्या आस्थेनें केलेली आहे. वरवर पाहणाऱ्यास तो एक नेमधर्माचा ग्रंथ वाटेल. तथापि त्या ग्रंथाचा जीव त्याच्या प्रस्तावनेंत आहे. डियर्मर हे समाजवादी विचारांचे होते. ज्या झग्याच्या शिवणाऱ्याला पुरती मजुरी मिळाली नाहीं तो झगा घालून व्यासपीठावर चढावें आणि धर्म सांगावा, या विसंगतीवर त्यांनीं बोट ठेवलें आहे. उपचाराचें सौंदर्य आणि मजुराचा न्याय या दोन गोष्टी एकाच मनांत नांदूं शकतात, हें त्यांनीं दाखविलें. दोष काढावयाचा तर एवढाच कीं पुस्तकाच्या नांवांतच धर्मोपदेशक आहे. ज्या बाईनें घडी घालावयाची तिला त्याच्या मुखानें सांगावयाचें. तिच्याशीं सरळ बोलावयाचें नाहीं.

सरळ बोलण्याचा प्रसंग आला तो आमच्या पंडिता रमाबाईंवर. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला तो याच अँग्लिकन पंथांत. ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या त्याच्या भगिनी पुण्यांतही काम करीत होत्या. रमाबाईंचा आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. मराठी माणसानें अवश्य वाचावें असें हें पुस्तक आहे. गळ्यांतल्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कां असावीं, असा प्रश्न रमाबाई त्यांत करतात. जी भाषा आपल्याला येत नाहीं आणि आपल्या देशांतील लोकांना येत नाहीं ती पवित्र कशी, हा त्या प्रश्नाचा मथितार्थ. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील बिशपांना वाटलें, तेव्हां त्याही गोष्टीचा जाब त्यांनीं नम्रपणें पण निर्भयपणें विचारला. स्नेह मोडूं न देतां मतभेद कसा सांगावा याचा हा पत्रव्यवहार एक नमुनाच आहे. पुढें केडगांवास त्यांनीं मूळ भाषांवरून साध्या मराठींत संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. संस्कृताच्या एवढ्या मोठ्या विदुषीनें संस्कृत शब्दांचा मोह आवरून आश्रमांतल्या अर्धशिक्षित बायकांना समजेल अशी भाषा शोधावी, ही मराठी गद्याच्या इतिहासांतील लहान घटना नव्हे. त्या भाषेंत गोडवा कमी असेल, परंतु ती कोणासाठीं आहे हें तिला ठाऊक आहे.

याच दृष्टीनें लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ कडे पाहावें. टिळक कुटुंब अमेरिकन मिशनच्या मंडळींतलें. बिशपांच्या परंपरेशीं त्याचा संबंध नव्हता. तरी १९३४ पासून भागाभागानें निघालेल्या या आत्मचरित्रानें एक गोष्ट कायमची सिद्ध केली. घरांतल्या बाईची रोजची बोली, चुलीपाशीं आणि अंगणांत वापरली जाणारी, धर्मांतरासारख्या गंभीर विषयाचा भार सहज पेलूं शकते. सोवळें-ओवळें मनांतून कसें गळून पडलें हें सांगतांना लक्ष्मीबाईंना एकही तत्त्वज्ञानाचा शब्द लागत नाहीं. पाणी, स्वयंपाक, शेजार एवढ्यांतच तें सांगून होतें. वेदीच्या सेवेचें वर्णन मराठींत कोणीं केलेंच, तर तें या घराण्यांतल्या भाषेंत व्हावें. यज्ञशाळेच्या भाषेंत नव्हे.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं हा सारा बाह्योपचार. संतांनीं अंतःकरण पाहावयास सांगितलें आणि तुम्ही घड्या मोजीत बसलां. मी स्वतः पुष्कळ वर्षें याच मताचा होतों. माझे वडील रोज पूजा करीत. त्यांची पूजा आमच्या आळींत नांवाजलेली होती. गंध उगाळलेलें, फुलें निवडलेलीं, वाती वळलेल्या, उपकरणीं चिंचेनें घांसून लखलखीत. एकदां आई महिनाभर अंथरुणास खिळली. पहिल्या दिवशीं वडील सोवळें नेसून देवघरांत गेले आणि थोड्या वेळानें तसेच बाहेर आले. सहाण कोठें असते हें त्यांना ठाऊक नव्हतें! चाळीस वर्षें ज्या पूजेला आम्ही वडिलांची पूजा म्हणत आलों तिचा अर्धा भाग कोणाचा होता हें त्या दिवशीं कळलें. अंतःकरण पाहावें हें खरें. परंतु आईचें अंतःकरण पाहावयाचें तर तें त्या वातींतच होतें. तें पाहण्यास दुसरी जागा तिनें ठेवलीच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. ही सेवा गुप्त आहे म्हणूनच पवित्र आहे. तिची वाखाणणी करून तुम्ही तिचा नाश कराल. या आक्षेपांत तथ्य आहे. प्रत्येक प्रार्थनास्थळाला असा एक अबोल माणूस लागतो. देवळाला गुरव, दर्ग्याला मुजावर. आमच्या पनवेलींत बेने इस्रायल समाजाचें १८४९ सालचें बेथ एल प्रार्थनामंदिर आहे. अशा मंदिरांत दिवाबत्ती पाहणारा शमाश असतो. त्यांपैकीं कोणी मानपत्र मागत नाहीं. परंतु आपण होऊन पडद्याआड राहणें आणि पडद्याआड ठेवलें जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. शतकानुशतकें या पंथांत बाईनें मेज लावावें, पण मेजापुढें उभें राहून आशीर्वचन म्हणूं नये, असा नियम होता. अमेरिकेच्या एपिस्कोपल मंडळीनें स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देण्यास मान्यता दिली ती १९७६ सालीं. इंग्लंडच्या मंडळींत पहिल्या स्त्रियांना ती दीक्षा मिळाली १९९४ सालीं. तोंपर्यंत वस्त्र धुणाऱ्या हाताला पेला उजळण्यास बंदी नव्हती, उचलून आशीर्वादण्यास होती. जिला दुसरें कांहीं करण्याची मोकळीक नाहीं तिच्या सेवेला स्वयंसेवा म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. मोकळीक मिळाल्यावरही जी शनिवारीं इस्त्री घेऊन येते, तिची सेवा खरोखर स्वेच्छेची. म्हणून हें काम आतां पूर्वींपेक्षां कमी महत्त्वाचें झालें नसून, पहिल्यांदाच पूर्णपणें त्या बाईचें झालें आहे. हा फरक सांगणें हें साहित्याचें काम आहे. नियमांच्या पुस्तकाचें नव्हे.

हा फरक दिसेल असा वर्षांतला एक दिवस मला त्या शिक्षिकेनें सांगितला. पुनरुत्थानाच्या सणाआधींच्या गुरुवारीं, संध्याकाळची उपासना संपली कीं, वेदीवरील सर्व वस्त्रें, दिवे, फुलें सर्वांदेखत काढून नेतात. शुक्रवारीं तें मेज उघडें असतें. एरवीं न दिसणारें काम त्या एका संध्याकाळीं, उलट्या क्रमानें, साऱ्या मंडळीला दिसतें. “त्या दिवशीं लोकांना कळतं कीं तिथं रोज काय काय असतं,” असें त्या म्हणाल्या. नंतर पांढरें वस्त्र पुन्हां येतें तेव्हां तें आपोआप आलेलें नसतें, हें निदान त्या आठवड्यापुरतें तरी सर्वांच्या ध्यानांत राहतें.

एवढ्यावरून मराठी लेखकांस, विशेषतः लेखिकांस, एक विनंति करावीशी वाटते. जॅक विन्स्लो यांच्यासारख्या धर्मोपदेशकानें हिंदी मंडळीला हिंदी वळणाची उपासना असावी म्हणून १९२० सालीं पुस्तक लिहिलें आणि पुढें पुण्यांत ख्रिस्त सेवा संघाच्या द्वारें तो प्रयत्न केला. त्यांचा हेतु उदार होता. परंतु वळण नुसतें संस्कृत शब्दांनीं किंवा बैठकीनें येत नाहीं. तें काम करणाऱ्यांच्या बोलण्यांतून येतें. ‘मेज लावणें’, ‘पांढरं’, ‘पाणी मातींत घालणें’ हे शब्द जिवंत आहेत, आणि ज्यांच्या तोंडीं ते आहेत त्या बाया सत्तरीच्या पुढें गेल्या आहेत. शनिवारच्या त्या दोन तासांचें एक लहानसें पुस्तक, नियमांचें नव्हे, आठवणींचें, त्यांच्याच शब्दांत कोणीं उतरून घेतलें, तर मराठी गद्यांत एक नवी खोली उघडेल. ती खोली ख्रिस्ती वाचकापुरती राहणार नाहीं. ज्या घरांत सहाण कोठें असते हें एकाच माणसाला ठाऊक आहे, त्या प्रत्येक घराला तिचा उपयोग होईल.

हेबरसाहेबांचें पुस्तक मीं परवां पुन्हां चाळलें. पनवेलचें पान अजून वाचावेसें वाटतें. फक्त आतां वाचतांना बिशपांच्या मागून घाट चढणारें सामान माझ्या डोळ्यांपुढें येतें, आणि त्यांत कोठेंतरी, पावसानें भिजूं नये म्हणून जपून बांधलेलें, एक पांढरें वस्त्र असावें असें वाटतें.